अर्ध्या पिपच्या मागे: युरो, डॉलर आणि येनच्या त्रिकोणाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

एका लहान कंपनीने त्रिकोणी आर्बिट्राज, म्हणजे तीन चलनांच्या आपसांतल्या दरांतल्या क्षणिक फरकातून नफा, करून पाहिला, त्याचे हे प्रकरण २०२४ च्या सुरुवातीचे आहे. कंपनीची ओळख कळू नये म्हणून काही तपशील आणि रकमा बदलल्या आहेत. हिशेबाची रीत मात्र जशीच्या तशी ठेवली आहे.

कंपनी लहान होती आणि भागीदारांच्याच पैशावर परकीय चलनांत ट्रेडिंग करत होती. काम तिघांचे: एक प्रमुख, एक प्रोग्रामर आणि एक जोखीम व हिशेब पाहणारी व्यक्ती. खाते प्राइम ऑफ प्राइम ब्रोकरकडे होते. मोठी बँक ज्यांना थेट दारात उभे करत नाही, अशांना स्वतःची पत वापरू देऊन बाजारात आत घेणारा हा मध्यस्थ. त्याच्यामार्फत पाच लिक्विडिटी प्रोव्हायडरांचे, म्हणजे खरेदी-विक्रीचे भाव देणाऱ्या संस्थांचे, दर एकत्र दिसत. ब्रोकरचे इंजिन लंडनजवळ स्लाऊ इथल्या एलडी४ डेटा सेंटरमध्ये होते, तर कंपनीचा सर्व्हर दुसऱ्या देशात भाड्याच्या क्लाउडवर. ऑर्डर जाऊन उत्तर परत यायला साधारण १८ मिलिसेकंद लागत.

याच भागीदारांची आणखी एक कंपनी होती. जपानी ग्राहकांकडून तिला दरमहा सुमारे २० कोटी येन मिळत आणि तिचा खर्च युरोत होई. येनचे युरो करण्याचे काम तिच्या बँकेकडे होते आणि ट्रेडिंगच्या तिघांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

परकीय चलनाच्या स्पॉट, म्हणजे चालू भावाने लगेच देवाणघेवाण करण्याच्या, बाजाराला शेअर बाजारासारखे एकच केंद्र नाही. बँका, इलेक्ट्रॉनिक मंच आणि ब्रोकर यांच्या जाळ्यात एकाच क्षणी अनेक दर चालू असतात. बँक फॉर इंटरनॅशनल सेटलमेंट्सच्या एप्रिल २०२२ च्या पाहणीत रोजची सरासरी उलाढाल ७.५ ट्रिलियन, म्हणजे साडेसात लाख कोटी डॉलर होती. त्यात स्पॉटचा वाटा तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. ८८ टक्के व्यवहारांत एका बाजूला डॉलर होता. एकट्या युरो/डॉलरचा वाटा सुमारे २३ टक्के, डॉलर/येनचा साडेतेरा टक्क्यांच्या आसपास, आणि युरो/येनचा दोन टक्क्यांहूनही कमी.

पुढचे सगळे या शेवटच्या आकड्यावर उभे आहे. युरो/येनचा दर मुख्यतः युरो/डॉलर आणि डॉलर/येन यांच्या गुणाकारातून बनतो. दर देणाऱ्याचे यंत्र दोन्ही मोठ्या जोड्या पाहते, गुणते, वर आपला स्प्रेड, म्हणजे खरेदी आणि विक्रीच्या भावांतला फरक, लावते आणि युरो/येनचा भाव दाखवते. मोठी जोडी हलली आणि एखाद्याचे यंत्र क्षणभर मागे राहिले, की त्याचा युरो/येन जुना ठरतो. त्रिकोणी आर्बिट्राजची संधी दिसते ती इथे.

संधीचा हिशेब

नमुन्यादाखल एका क्षणाचे दर घेऊ. युरो/डॉलर १.०८१२२ बिड (आपण विकू शकतो तो भाव), १.०८१२६ आस्क (आपल्याला विकत मिळतो तो भाव). डॉलर/येन १५०.२३६ आणि १५०.२४१. दोन्ही आस्क गुणले की डॉलरमार्गे एक युरो विकत घ्यायला १६२.४४९६ येन पडतात. त्याच क्षणी एका प्रोव्हायडरचा थेट युरो/येन १६२.४५६ बिड, १६२.४६३ आस्क दिसतो. म्हणजे १६२.४४९६ ला बनवलेला युरो १६२.४५६ ला विकता येतो. फरक ०.००६४ येन. दरातला फरक पिप या लहान एककात मोजतात आणि येनच्या जोड्यांत एक पिप ०.०१ येनचा असतो, म्हणून हा फरक ०.६४ पिप झाला.

आकार दहा लाख युरो धरला तर ६,४२० येन, म्हणजे जवळपास ४३ डॉलर सुटतात. कमिशन दर लेगला, म्हणजे त्रिकोणातल्या तीन व्यवहारांपैकी प्रत्येकाला, दर दहा लाख डॉलरमागे ५ डॉलर. तीन लेग मिळून उलाढाल ३२ लाख डॉलरच्या वर जाते, म्हणून कमिशन १६ डॉलर. हाती उरतात सुमारे २६ डॉलर.

प्रोग्रामरने आधीच्या चार महिन्यांच्या नोंदींवर चाचणी घेतली. दिवसाला वीस-पंचवीस त्रिकोण सापडत होते. महिन्याचे गणित दहा-बारा हजार डॉलरवर गेले.

पहिला निर्णय: थेट पैशानिशी सुरुवात

चाचणी फसवी असल्याची दोन चिन्हे तेव्हाच हाताशी होती.

पहिले म्हणजे नोंदींत शेवटचा दर होता, पण तो किती जुना आहे हे नव्हते. युरो/येनचा भाव ४०० मिलिसेकंद बदललेला नसेल तर चाचणीच्या दृष्टीने तो जिवंत. प्रत्यक्षात तो शिळा असू शकतो, आणि देणाऱ्याला ते ठाऊक असते.

दुसरे चिन्ह वेळांचे. सापडलेल्या संधींपैकी मोठा भाग न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाचच्या आसपास होता. त्या वेळी व्यवहाराचा दिवस बदलतो, बरेच प्रोव्हायडर काही मिनिटे दर काढून घेतात किंवा स्प्रेड रुंदावतात, आणि पडद्यावर दिसणाऱ्या भावामागे फारसे कोणी नसते. ३ जानेवारी २०१९ रोजी याच पातळ वेळेत, टोकियोत सुट्टी असताना, डॉलर/येन काही मिनिटांत १०८ च्या वरून १०५ च्या खाली कोसळला होता. अशा तासात एक लेग उघडा राहिला तर २६ डॉलरचा त्रिकोण हजारो डॉलरचा होतो. जोखीम पाहणाऱ्या व्यक्तीने पाचच्या आधी आणि नंतर अर्धा तास प्रोग्राम बंद ठेवण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला. पूर्ण प्रकरणात आधीच घेतलेला शहाणा निर्णय एवढाच.

बाकी सगळे तसेच ठेवून फेब्रुवारीत प्रोग्राम सुरू झाला. फरक अर्ध्या पिपहून जास्त दिसला की तिन्ही ऑर्डर एकदम सुटत.

अडचण

चार आठवड्यांत ४१२ त्रिकोण झाले आणि कमिशन धरून सुमारे ३,१०० डॉलर गेले. रक्कम मोठी नव्हती. पण चाचणीत नफा आणि खऱ्या खात्यात तोटा, तोही असा रोजच्या रोज सारखा झिरपणारा, म्हणजे नशिबाला दोष देण्याची सोय नव्हती.

कारण ऑर्डरच्या लॉगमध्ये सापडले. ३९ टक्के त्रिकोणांत एक लेग नाकारला गेला होता, आणि तो बहुतेक वेळा युरो/येनचाच. मागे राहत युरो/डॉलर आणि डॉलर/येनमधली खरेदी, म्हणजे आडमार्गाने घेतलेले दहा लाख युरो. ते विकायला पुन्हा बाजारात जावे तेव्हा युरो/येनचा भाव सरासरी १.३ पिप खाली आलेला असे. त्याचे १३,००० येन, म्हणजे ८७ डॉलर. हिशेब सरळ आहे: प्रत्येक त्रिकोणाचे अपेक्षित २६ डॉलर धरले, तर त्यातून ८७ डॉलर वजा करणारा फटका शंभरात तीसपेक्षा जास्त वेळा परवडत नाही. इथे तो ३९ वेळा बसत होता. दर त्रिकोणामागे सात-आठ डॉलर तोटा.

हे नाकारणे लास्ट लुकमधून येते. अनेक प्रोव्हायडरांचे दर पक्के नसतात. ऑर्डर आली की ते ती काही मिलिसेकंद धरून ठेवतात, काही जण शंभराहूनही जास्त. तेवढ्यात बाजार पुन्हा बघतात, आणि दर आपल्याविरुद्ध सरकला असेल तर ऑर्डर परत पाठवतात. पद्धत लपूनछपून चालत नाही. २०१७ च्या एफएक्स ग्लोबल कोडमधले १७ वे तत्त्व तिच्याबद्दलच आहे: तपासणी फक्त किंमत आणि वैधतेपुरती असावी, ग्राहकाला तिची माहिती द्यावी आणि त्या खिडकीत ग्राहकाच्या ऑर्डरचा फायदा घेऊन व्यवहार करू नये. गैरवापरही झालेले आहेत. नोव्हेंबर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वित्तीय सेवा विभागाने बार्कलेजला याच पद्धतीच्या वापरावरून १५ कोटी डॉलर दंड केला होता. या प्रकरणात मात्र गैरवापराची गरजच नव्हती. शिळ्या दरावर आलेली ऑर्डर नाकारायला साधी, नियमातली तपासणी पुरते.

त्यातली मेख अशी की नकार सरसकट येत नाही, निवडून येतो. फरक खरा असेल तेव्हा ऑर्डर परत येते. बाजार उलटा फिरून फरक मिटला असेल तेव्हा ती आनंदाने स्वीकारली जाते. चाचणीत हा भेद दिसणे शक्यच नव्हते, कारण तिथे समोरचा माणूस नसतो.

सुट्टीचा खोटा नफा

२१ फेब्रुवारीच्या बुधवारी प्रोग्रामला एकदम उधाण आले. फरक अर्धा-पाऊण पिप सोडून दोन पिपच्या आसपास दिसू लागला, तोही तासन्‌तास आणि सगळ्या प्रोव्हायडरांकडे एकाच दिशेने. १४ त्रिकोण एकही नकार न येता पूर्ण झाले. प्रमुखांना वाटले, अखेर बाजार हाती लागला. नकार न येणे हीच खरे तर धोक्याची खूण होती.

स्पॉट व्यवहाराचे पैसे साधारण दोन कामकाजी दिवसांनी फिरतात. बुधवारच्या युरो/डॉलरची व्हॅल्यू डेट, म्हणजे पैसे प्रत्यक्ष देण्या-घेण्याची तारीख, शुक्रवार, २३ फेब्रुवारी. पण त्या दिवशी जपानमध्ये सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी होती. त्यामुळे येन असलेल्या दोन्ही जोड्या सोमवारी, २६ तारखेला फिरणार होत्या. त्रिकोणाचा एक लेग शुक्रवारचा आणि दोन सोमवारचे. शुक्रवारी डॉलर द्यायचे आणि युरो घ्यायचे, मग सोमवारी युरो द्यायचे आणि डॉलर घ्यायचे. मधले तीन दिवस डॉलर उसने आणि युरो पडून.

त्या वेळी डॉलरचा अल्पमुदतीचा व्याजदर ५.३ टक्क्यांच्या आसपास होता, युरोचा ३.९. फरक १.४ टक्के. तो ३ ने गुणून ३६० ने भागावा आणि युरो/येनच्या १६२.४५ ला लावावा: ०.०१९ येन, म्हणजे १.९ पिप. पडद्यावर जो फरक दिसत होता तो तीन दिवसांचे व्याज होते, आणि बाजाराने ते अगदी बरोबर दरात धरले होते. दुसऱ्या दिवशी रोलओव्हरमध्ये, म्हणजे व्हॅल्यू डेट पुढे ढकलण्याच्या हिशेबात, दर त्रिकोणामागे सुमारे १२६ डॉलर खात्यातून गेले, म्हणजे जवळपास जेवढे कमावलेले दिसले होते तेवढेच. वर १४ त्रिकोणांचे कमिशन गेले. वरच्या ४१२ मध्ये हे १४ धरलेले नाहीत.

ही चूक नवख्यांचीच नव्हे. पडद्यावर भावाशेजारी व्हॅल्यू डेट बहुधा नसते. ती वेगळ्या कॅलेंडरमधून आणावी लागते, आणि दोन्ही चलनांच्या सुट्ट्या शिवाय डॉलरची, अशी तीन कॅलेंडर जुळवावी लागतात.

तोललेले पर्याय

मार्चच्या सुरुवातीला तिघे बसले तेव्हा समोर पाच पर्याय होते.

उंबरठा वाढवावा हे प्रमुखांचे म्हणणे. अर्ध्याऐवजी १.२ पिप फरक असेल तरच उडी घ्यायची. ऐकायला सावध वाटते, म्हणून दोन आठवडे करूनही पाहिले. त्रिकोण पाचव्या हिश्श्यावर आले. सरासरी फरक १.४ पिप, म्हणजे कमिशन जाऊन ७७ डॉलर. पण नकार ५८ टक्क्यांवर गेले आणि नाकारलेला लेग मिटवताना २.१ पिप, म्हणजे १४० डॉलर जाऊ लागले. दर त्रिकोणामागे हिशेब पुन्हा उणे चार डॉलर. फरक जितका मोठा, तितका तो दर शिळा असण्याचा संभव जास्त. सावधगिरीच्या नावाखाली प्रोग्राम सर्वांत वाईट दर वेचून काढत होता.

लेगचा क्रम बदलावा हा प्रोग्रामरचा पर्याय. आधी फक्त युरो/येन पाठवायचा, तो पक्का झाल्यावर बाकीचे दोन. युरो/येन नाकारला तर काहीच उघडे राहत नाही. ही सुधारणा खरी होती आणि पहिल्या दिवसापासून असायला हवी होती. पण उत्तराची वाट पाहण्यात १८ मिलिसेकंद आणि वर समोरच्याने धरून ठेवलेला वेळ जातो, तेवढ्यात मोठ्या जोड्या आपापल्या जागी सरकतात. सरासरी निव्वळ नफा २६ वरून तीन-चार डॉलरवर आला. सर्व्हर आणि डेटाचा महिन्याचा खर्च १,९०० डॉलर होता. त्यातून तो निघत नव्हता.

तिसरा पर्याय लास्ट लुक नसलेल्या पक्क्या ऑर्डर बुकवर, म्हणजे दाखवलेला भाव नाकारता येत नाही अशा मंचावर, जाण्याचा. तिथे पडद्यावरचा भाव मिळतो. पण कमिशन धरून परवडेल असा फरक तिथे क्वचित दिसे, आणि दिसला तरी १८ मिलिसेकंदांच्या आत संपे. ज्यांचे यंत्र त्याच इमारतीत आहे ते तो आधीच उचलत.

मग चौथा: आपणही एलडी४ मध्ये जागा घ्यावी. प्रकाश काचेच्या तारेतून एका मिलिसेकंदात जेमतेम २०० किलोमीटर जातो, त्यामुळे अंतर कमी करण्याला पर्याय नाही हे खरे. पण आत गेल्यावर स्पर्धा मायक्रोसेकंदांची सुरू होते, आणि युरो/डॉलर हलवणारी बातमी न्यूयॉर्कहून येत असेल किंवा येन हलवणारी टोकियोहून, तर तिथेही यंत्र हवे. तीन शहरांत यंत्रे, त्यांना जोडणाऱ्या वेगवान वाहिन्या, आणि हे सगळे २६ डॉलरच्या तुकड्यांसाठी. प्रमुखांनी हा पर्याय दोन आठवडे धरून ठेवला. त्यात कंपनीचे भांडवल अडकवणे हा या प्रकरणातला सर्वांत महागडा निर्णय ठरला असता.

पाचवा पर्याय बंद करण्याचा होता. तो कुणीच मांडला नाही. जोखीम पाहणाऱ्या व्यक्तीने त्याऐवजी एक प्रश्न विचारला: आपल्या दुसऱ्या कंपनीला बँक युरो/येनचा काय भाव देते?

कृती

त्या प्रश्नाचे उत्तर शोधायला एक दुपार पुरली. बँकेच्या मागच्या सहा व्यवहारांच्या पावत्या काढल्या. प्रत्येकावर वेळ होती. त्या मिनिटाचे युरो/डॉलर आणि डॉलर/येन आपल्याच नोंदींतून घेतले आणि गुणून बाजाराचा मध्यदर काढला. बँकेचा भाव त्याच्या सरासरी ०.३० टक्के वर होता. १६२.४५ वर ०.३० टक्के म्हणजे ४९ पिप. एकीकडे ०.६४ पिपसाठी सर्व्हर धावत होते, दुसरीकडे त्याच खिशातून दरमहा ४९ पिप जात होते. २० कोटी येनवर ते सहा लाख येन होतात.

बँकेने फसवले होते असे नाही. ग्राहक भाव विचारत नाही, फोनवर हो म्हणतो, आणि समोर एकच आकडा असल्याने तुलना होत नाही. थेट युरो/येनच्या बाबतीत तर अनेकांना हेही लक्षात येत नाही की दोन मोठ्या जोड्यांचा गुणाकार करून तो दर कुणालाही तपासता येतो.

आर्बिट्राजचा प्रोग्राम मार्चअखेर थांबवला. त्याचा दर गोळा करणारा भाग ठेवला आणि त्याला नवे काम दिले. पद्धत अशी ठरली. व्यवहाराच्या दिवशी तीन बँकांकडून एकाच मिनिटात भाव मागवायचा. त्याच वेळी दोन आकडे समोर ठेवायचे: थेट युरो/येनचा आस्क आणि डॉलरमार्गे बनणारा आस्क. दोहोंतला कमी तो संदर्भदर. बँकेला भाव मागताना आपण येन विकणार की घेणार हे आधी सांगायचे नाही, दोन्ही बाजू मागायच्या. रक्कम मात्र खरी सांगायची, कारण रक्कम लपवून मिळालेला भाव नंतर बदलतो. संदर्भदरापासून ०.१० टक्क्याहून लांब असलेला भाव घ्यायचा नाही.

येन आधी डॉलरमध्ये आणि मग डॉलर युरोत असे दोन टप्प्यांनी करावे का, हेही तपासले. पडद्यावर ते कधीकधी तिसऱ्या-चौथ्या दशांशात स्वस्त दिसते. पण बँक प्रत्येक टप्प्यावर आपला मार्जिन लावते, त्यामुळे एकाऐवजी दोनदा मार्जिन जाते. थेट जोडीतच भाव मागायचा आणि डॉलरमार्गे आलेला आकडा फक्त घासाघीस करायला वापरायचा, असे ठरले.

परिणाम

पहिल्या महिन्यात जुन्या बँकेनेच ०.३० वरून ०.१२ वर येऊन भाव दिला. तीन महिन्यांत मार्जिन ०.०८ टक्क्यावर स्थिरावले. सहा लाख येनऐवजी १ लाख ६० हजार. दरमहा ४ लाख ४० हजार येनची, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे २,९०० डॉलरची बचत. जवळपास तेवढेच पैसे त्रिकोणाने चार आठवड्यांत घालवले होते.

बचत कायमची आहे असे समजू नये. तीन बँका भाव देत आहेत तोवर ती टिकते. एका बँकेने पतमर्यादा कमी केली किंवा दर महिन्याला तीच बँक जिंकू लागली, की बाकीच्या कंटाळून ढिला भाव देऊ लागतात. म्हणून दर तिमाहीला हरणाऱ्या बँकेला किती फरकाने हरली तेवढे सांगायचे, जिंकणाऱ्याचा भाव न सांगता, असा रिवाज ठेवला आहे.

वेगळे काय करता आले असते

चाचणीनंतर थेट दहा लाख युरोच्या ऑर्डर सोडण्याऐवजी दोन आठवडे एक लाखाच्या ऑर्डर सोडायला हव्या होत्या. त्यातून नफा मोजायचा नव्हता. नकारांचे प्रमाण, ऑर्डर धरून ठेवण्याचा वेळ आणि नकारानंतरचे स्लिपेज (भाव सरकल्याने होणारे नुकसान), हे तीनच आकडे मिळवायचे होते. त्यांच्यावरून ३९ टक्के हा आकडा दहाव्या हिश्श्याच्या खर्चात कळला असता. लहान ऑर्डर कमी नाकारल्या जातात हे खरे. पण लहान आकारालाच नकार तीस टक्क्यांच्या जवळ असतील, तर पुढे जायचे कारण उरत नाही.

प्रोव्हायडरांची लास्ट लुकविषयीची लेखी माहिती ग्लोबल कोड पाळणाऱ्यांकडे मागितली की मिळते. ती आधी मागवली असती तर पाचपैकी कोण ऑर्डर जास्त वेळ धरतो हे कळले असते आणि त्यांचे दर सुरुवातीलाच वगळता आले असते. त्याने संधी निम्म्यावर आल्या असत्या. त्या निम्म्या खऱ्या असत्या का, हे लहान ऑर्डरच सांगू शकल्या असत्या.

तोट्याची मर्यादा ठरवली होती ती रकमेत, दहा हजार डॉलर. रोज थोडा थोडा झिरपणारा तोटा अशा मर्यादेला महिनोन्‌महिने लागत नाही. मर्यादा त्रिकोणांच्या संख्येवर हवी होती: शंभर त्रिकोणांनंतर सरासरी उणे असेल तर थांबून लॉग वाचायचा.

व्हॅल्यू डेटची तपासणी आता बँकेच्या व्यवहारालाही लावली जाते. येन फिरवण्याचा ठरलेला दिवस जपानच्या सुट्टीला लागून आला तर तो एक दिवस पुढे-मागे होतो, आणि भावासोबत तारीख न देणाऱ्या बँकेचा आकडा त्या दिवशीच्या तुलनेत धरला जात नाही.